आपबीतीची पारख

आपबीती जितकी थरारक, तितकी तिच्याविषयीची शंका अधिक. नानाखेड्याच्या बसस्थानकावर कानी पडलेली हकिकत असो वा छापील ग्रंथ, कसोटी एकच होय.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ पाहावा. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली उत्तरेस निघाला आणि १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्यात सापडला. सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून, त्याने ते आठवून लिहिले. वैद्यांनी १९०७ साली ते प्रसिद्ध केले. परंतु भाषा बदलून, काही मजकूर गाळून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली निघाली.

शिपायांकडून ऐकलेली, कलकत्त्यातील राजसभेची गोडसे यांची हकिकत इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. झाशीतील कत्तल मात्र त्यांनी स्वतः अनुभवली. पहिलीच्या दोषाने दुसरीही त्याज्य ठरविली, तर मृतांचा एक साक्षीदारच हरपतो. तेव्हा सरसकट विश्वास नको, सरसकट अविश्वासही नको. पाहिले काय, ऐकले काय, मधे कोणाचा हात फिरला, एवढे वाचकाने विचारावे. ग्रंथालयाच्या कपाटात दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी असाव्यात, त्या याचसाठी.