कावडीतले पाणी

(मोशी येथे मंदिर जीर्णोद्धाराच्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जीर्णोद्धार म्हटला की शिखर, कळस, सभामंडप यांविषयी बोलणे ओघाने येते, आणि ते जाणकारांनी बोलावे हेच योग्य. आजचा विषय देवावर वाहावयाच्या पाण्याचा आहे. त्यासाठी आधी जरा लांब, कोकणात जावे लागेल.

पेणजवळच्या वरसई गावी विष्णुभट गोडसे नावाचे गरीब भिक्षुक राहत असत. घरावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दानधर्म होणार, अशी वार्ता आली आणि १८५७ साली काका रामभट यांच्यासोबत ते हिंदुस्थानात जायला निघाले. नर्मदेपलीकडच्या मुलखाला त्या काळी आपली माणसे हिंदुस्थान म्हणत. महूच्या आसपास पोहोचतात तो शिपायांच्या उठावाची कुणकुण कानी आली, आणि दक्षिणेच्या आशेने निघालेले हे चुलते-पुतणे सत्तावन्नच्या वणव्यात सापडले. १८५८ सालच्या वेढ्यात ते झाशी शहरातच होते. शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. जवळचे द्रव्य लुटले गेले, जीव तेवढा वाचला. एवढे सोसल्यावर कोणीही सरळ घरची वाट धरली असती. गोडसे भटजींनी तीर्थे केली, गंगाजलाची कावड खांद्यावर घेतली आणि ती घेऊन ते वरसईस परतले. कर्ज फेडायला निघालेल्या मुलाने घरी आणले ते पाणी. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.

पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकीकत लिहून काढली. ती ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली छापली गेली, आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली ती पुन्हा प्रसिद्ध केली. इतिहासाचे अभ्यासक त्या पुस्तकात झाशीची राणी शोधतात. शोधावीच. परंतु ज्याच्या घरी वारी आहे, त्याचे लक्ष त्या कावडीवरून हलत नाही. नव्या मुलांसाठी सांगावयाचे तर कावड म्हणजे खांद्यावरचा एक बांबू आणि त्याच्या दोन टोकांना टांगलेली पाण्याची दोन भांडी. पाणी सांडू द्यायचे नाही, विटाळू द्यायचे नाही. लुटारूंना त्या पाण्याचे मोल शून्य, आणि वाहणाऱ्याला मात्र ते जिवापलीकडचे.

पैठणच्या नाथमहाराजांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. रामेश्वराला चाललेल्या कावडीतले गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. कीर्तनात ही कथा भूतदयेसाठी सांगतात. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र सहसा कोणी बोलत नाही: ते पाणी मुक्या जनावराला पाजण्याजोगे होते.

आपल्याच पुणे जिल्ह्यातून, सासवडहून, दरवर्षी चैत्रात शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाला कावड जाते. तेल्याभुत्याची कावड म्हणून तिचा मोठा मान. मुंगी घाटाची उभी चढण माणसांनी एकमेकांना हात देत, साखळी करून चढायची आणि वरच्या महादेवाला पाणी घालायचे. घाट पाहिलेल्या माणसाला त्या भाविकांच्या बळाविषयी वेगळे सांगायला नको.

आता मोशीला परत येऊ. मोशीचे ग्रामदैवत नागेश्वर महाराज. उत्सवात मानाच्या ओटीची बोली लाखांवर जाते, इतका या गावाचा हात सढळ आहे. पण या गावाला पाण्यासाठी घाट चढावा लागत नाही, काशीही गाठावी लागत नाही. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावलेली इंद्रायणी देहू करून गावाच्या शिवेला येते आणि इथून आळंदीला जाते. वर तुकोबा, खाली ज्ञानोबा, आणि मध्ये आपण. ज्या पाण्याने तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या परत दिल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, ते हे पाणी. पुढे तुळापुरास ते भीमेला मिळते, उजनीच्या जलाशयात विसावते आणि पंढरपुरी चंद्रभागा होऊन विठोबाच्या पायांशी जाते. म्हणजे नदी वर्षभर वारीच करते.

त्या वारकरणीची आजची अवस्था सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. अलीकडे आळंदीच्या घाटावर पांढऱ्या फेसाचे डोंगर दिसतात, आणि कार्तिकीला आलेला माळकरी त्यातच बुडी मारतो. कारण गूढ नाही. गटारांचे न शुद्ध केलेले सांडपाणी आणि कारखान्यांचे रसायनमिश्रित पाणी ओढ्यानाल्यांतून पात्रात उतरते. मोशी १९९७ साली महानगरपालिकेत आली. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, घरांत नळ आले आणि नदीवर जाण्याचे कारणच उरले नाही. जिथे रोज घागर बुडत होती तिथे माणसाचे लक्ष असे. दोष केवळ कारखान्यांवर ढकलून मोकळे होता येणार नाही, त्यांच्या पगारावर येथली कितीतरी घरे उभी आहेत, आणि मोरीचे पाणी तर प्रत्येक घरातून जाते.

कळसारोहणासाठी नद्यांचे जल आणण्याची प्रथा जुनी आहे. गंगेचे येईल, गोदावरीचे येईल; गाड्या आहेत, दोन दिवसांचे काम. इंद्रायणीचा तांब्या भरायला मात्र पुलाखाली कोणी तरी उतरावे लागेल. तो कोणाच्या हाती द्यायचा आणि तो भरून आल्यावर पिंडीवर घालायचा की नाही, हे पुजाऱ्यावर सोपवू नये, ग्रामसभेत ठरवावे. देणगीच्या पावतीपुस्तकात शिखर, सभामंडप, अन्नदान अशी खाती असतात. त्यांच्याखाली नदीसाठी एक ओळ घालता येईल. सांडपाणी पात्रात कोठून पडते ते काठाने चालत पाहणे, त्याची लेखी नोंद ठेवणे आणि महानगरपालिकेकडे सतत पाठपुरावा करणे, एवढे काम त्या पैशांत गावच्या तरुण मंडळींकडून सहज होईल. पहिली फेरी पावसाळ्याआधी, पाणी कमी असताना काढावी. नाले तेव्हाच उघडे दिसतात.