विसरण्याच्या आजारासाठी कर्ज काढण्याआधी



गटाच्या कर्जमागणीत कधी कधी कारण असतं, ‘सासूबाईंचं औषधपाणी’. खोलात विचारलं की कळतं, विसरण्याचा आजार मुळापासून घालवतो म्हणून कुणीतरी मोठी रक्कम मागितली आहे. म्हणून आज अल्झायमरबद्दल बोलू या.

विसर पडतो म्हणजे अल्झायमरच झाला, असं नसतं. बी-१२ जीवनसत्त्व कमी असलं, थायरॉईड बिघडलं, मन उदास असलं, किंवा झोपेच्या काही गोळ्या चालू असल्या तरी माणूस विसरतो. हे उपचारानं सुधारू शकतं. म्हणून आधी सरकारी दवाखान्यात दाखवा, रक्त तपासून घ्या.

अल्झायमरच निघाला, तर तो पूर्ण बरा करणारं औषध आज जगात कुठंही नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन ही औषधं काही जणांची आठवण आणि रोजची कामं काही काळ सावरून धरतात. आजार वाढल्यावर मेमँटिन देतात. मळमळ, जुलाब, चक्कर असा त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, वाढवूही नका. लेकॅनेमॅब या नव्या औषधाला २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पण ते फक्त सुरुवातीच्या टप्प्यात चालतं आणि आजाराचा वेग थोडा कमी करतं. त्यानं मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो.

घरातली काळजी हाही उपचारच आहे. जेवण, अंघोळ, झोप ठरल्या वेळी असू द्या. संडासाच्या दारावर चित्र लावा. शेंगा सोलणं, भाजी निवडणं अशी हातातली कामं काढून घेऊ नका. ‘आत्ताच सांगितलं ना!’ म्हणून चिडण्यापेक्षा पुन्हा एकदा सांगा. घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्याजवळ ठेवा. एक-दोन दिवसांतच गोंधळ एकदम वाढला, तर लगेच दवाखाना गाठा. लघवीचा संसर्गही असू शकतो.

आणि हे सगळं करणारी सून किंवा लेक एकटी पडते. तिला आठवड्यातून दोन तास मोकळीक मिळावी म्हणून गटातल्या बायकांनी पाळी लावून तिच्या घरी बसता येईल. मन फारच थकलं तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येतं.

कर्ज लागलंच, तर ते तपासणीसाठी, गाडीभाड्यासाठी, डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्यांसाठी घ्या. ‘गॅरंटी’ देणाऱ्यासाठी मात्र गटाचा एक रुपयाही काढू नका.