शिक्क्याखालची अक्षरं



फोटोतला एखादा भाग रंगावरून निवडून बदलणं तुमच्यापैकी अनेकांना येत असेल. पोस्टर करताना, पार्श्वभूमी काढताना आपण ते करतोच. आज मला त्याचा वेगळा उपयोग सांगायचा आहे.

आपल्या घरांतल्या पेट्यांत जुने कागद असतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, खरेदीखत, भाड्याची पावती. कागद पिवळा, निळी शाई फिकी आणि नेमका नावावरच लाल शिक्का. मग ते नाव वाचायचं कसं?

कॉम्प्युटरला शाई आणि शिक्का वेगळे कळत नाहीत. त्याला आकडे कळतात. फोटोच्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. नेहमीच्या फोटोत प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. आपल्याला एकच वाटणारी निळी शाई त्याच्या लेखी शेकडो वेगवेगळे रंग असू शकते. म्हणून 'किती फरक चालेल' हे आपणच सांगायचं. त्यालाच थ्रेशोल्ड म्हणतात. तो ० ठेवला तर तंतोतंत तोच रंग निवडला जातो, २५५ ठेवला तर अख्खा कागद. पंधराच्या आसपास सुरुवात करा आणि हळूहळू वाढवत न्या.

मी मोफत मिळणारं गिम्प वापरतो. त्यात दोन साधनं आहेत. 'फझी सिलेक्ट' क्लिक केलेल्या जागेला लागून असलेलाच सारखा रंग निवडतं. 'सिलेक्ट बाय कलर' तो रंग फोटोत जिथे जिथे असेल तिथून उचलतं. अक्षरं सुटी सुटी असतात, त्यामुळे लिखाणासाठी दुसरं साधन कामाचं. शाई निवडली की ती गडद करता येते.

आता शिक्का. कलर्स मेनूत कंपोनंट्स, आणि त्यात डिकंपोज आहे. तिथे आरजीबी निवडा. फोटोचे तीन काळे-पांढरे थर मिळतील. लाल थरात लाल शिक्का कागदासारखाच फिका होतो आणि निळी शाई काळपट उठून दिसते. शिक्काच जांभळा असेल तर तो निळ्या शाईपासून इतक्या सहज सुटत नाही. तेव्हा तिन्ही थर तपासून पाहा.

मुळात फोटो नीट हवा. हाताची सावली पडली की त्याच शाईचे आकडे बदलतात. दिवसाच्या सारख्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा. जेपीईजी फाइलमध्ये रंगांचा तपशील सहसा कमी करून साठवला जातो, त्यामुळे अक्षरांच्या कडेला रंग पसरतो. शक्य असेल तर कागद स्कॅन करून पीएनजीत ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या साधनाने शाई गडद होते, त्याच साधनाने एखादी वेलांटी उचलून दुसरीकडे बसवताही येते. आपल्याकडे एकच नाव एका कागदावर 'शेख', दुसऱ्यावर 'शेक' असं सापडतं. 'एवढं एक अक्षर नीट करून दे ना' असं घरातलं वडीलधारं माणूस सहज म्हणून जाईल. त्यांच्या मनात खोट नसते. पण ते अक्षर बदललं की ती दुरुस्ती राहत नाही, ती बनावट ठरते. मग खरा कागदही संशयात येतो आणि त्या कागदावर ज्याचा हक्क उभा आहे, तो माणूस अडचणीत सापडतो. नावातली चूक सुधारायला ज्या कार्यालयाने कागद दिला तिथला अर्ज, प्रतिज्ञापत्र, राजपत्र असे सरळ मार्ग आहेत.

म्हणून तीन नियम पाळा. मूळ फाइलला हात लावू नका, कायम प्रतीवर काम करा. त्या प्रतीच्या नावातच 'फक्त वाचण्यासाठी' असं लिहा. कार्यालयात मात्र मूळ कागद किंवा त्याची जशीच्या तशी प्रतच द्या.

या सुट्टीत घरातला एक जुना कागद उघडा आणि त्यावरचं नाव वाचून थोरामोठ्यांना दाखवा. जे दिसेल ते, चुकीसकट, तसंच उतरवून ठेवा.