कमी खर्चात त्वचा, केस आणि पोशाखाची निगा

(जुने शहर, अकोला येथे शेतकरी महिला व बचत गटांच्या सदस्यांपुढे केलेले भाषण)



आजच्या विषयात 'सौंदर्य' हा शब्द पाहून काहींना वाटले असेल, की वेचणीच्या दिवसांत हा कसला विषय काढला! परंतु याच दिवसांत तो काढण्याला कारण आहे. दिवाळीनंतर कापसाचे पैसे हाती येतात, तुळशीचे लग्न लागते आणि घरोघरी पाहुण्यांची ये-जा सुरू होते. कुणाची मुलगी दाखवायची असते, कुणाच्या मुलाचे जमवायचे असते. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणे अवघड झाले आहे, हे तुम्हाला सांगायला नको. मग तोही आरशापुढे उभा राहतो. अशा वेळी कुणीतरी सांगते की अमुक मलम लावा, पंधरा दिवसांत रंग उजळतो. गोऱ्या रंगाची हौस आपल्याकडे जुनी आहे. तिच्यावर मी भाषण देणार नाही, कारण भाषणाने ती जात नाही. पण त्या हौसेपायी घरात काय येते, ते मात्र पाहिलेच पाहिजे.

आपल्या अकोल्यातलीच गोष्ट आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने स्थानिक ब्युटिशियनकडून चेहऱ्याचे मलम घेतले. चेहरा उजळला, लोकांनी नावाजले. ते पाहून आई आणि बहीणही तेच मलम लावू लागल्या. २०२२ च्या सुरुवातीला तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार झाला. एकाच घरातल्या तिघींना एकाच वेळी असा आजार व्हावा, याचे डॉक्टरांना नवल वाटले. शोध घेता घेता गोष्ट मलमापर्यंत आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या मलमाची तपासणी झाली, तेव्हा त्यात पारा निघाला. सौंदर्यप्रसाधनात पाऱ्याचा अंश चुकून आलाच, तर तो एक पीपीएमपेक्षा जास्त नसावा असा नियम आहे. पीपीएम हा शब्द तुम्हाला नवीन नाही. पिकावर संजीवक फवारताना त्याचे प्रमाण आपण पीपीएममध्येच मोजतो. दहा लाख भागांत एक भाग म्हणजे एक पीपीएम. त्या मलमात पाऱ्याचे प्रमाण हजारो पीपीएम होते.

केरळमध्येही असेच आढळले. मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथे जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण डॉक्टरांनी अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांमध्ये विकाराची एक खास खूण सापडली, आणि या १५ पैकी १३ जण गोरे करणारी मलमे लावत होते.

पाऱ्याने रंग उजळतो हे खोटे नाही. त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया पारा रोखतो, म्हणून गुण लवकर दिसतो. लोक फसतात ते येथेच. पण पारा त्वचेवर थांबत नाही. तो रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठत जातो. मूत्रपिंडाची चाळणी बिघडते आणि अंगातील प्रथिने लघवीवाटे जाऊ लागतात. लघवीला फेस येतो, सकाळी पापण्या सुजतात, संध्याकाळी पाय जड होतात. आपण म्हणतो, कामाचा शीण आहे! शिवाय हा पारा टॉवेल, उशी आणि हातांवाटे घरातील इतरांच्याही अंगात जातो. मलम लावणाऱ्या आईच्या गालाला गाल लावून झोपणारे मूलही त्यातून सुटत नाही. समाधानाची बाब अशी, की वेळीच मलम बंद करून उपचार घेतल्यास बहुतेक रुग्ण सुधारतात. लघवीतील प्रथिनांची तपासणी अगदी साधी असते.

आता असे मलम ओळखायचे कसे? बियाण्याची पिशवी घेताना तुम्ही कंपनीचे नाव पाहता, लॉट क्रमांक पाहता, मुदत पाहता आणि पक्के बिल मागता. बोगस बियाण्याने एकदा हंगाम बुडाला की माणूस शहाणा होतो. तोच डोळा मलमाच्या डबीवर ठेवावा. डबीवर किंवा खोक्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवान्याचा क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी असलीच पाहिजे. माल परदेशी असेल, तर आयात करणाऱ्याचे नाव व नोंदणी क्रमांक हवा. नुसती पांढरी डबी, हाताने भरलेले मलम, वाचता न येणाऱ्या लिपीतले खोके, यांपैकी काहीही असले तर फुकट मिळाले तरी घेऊ नये. यादीत मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड किंवा कॅलोमेल हे शब्द दिसले तर तो पाराच समजावा. अर्थात पारा मिसळणारा तो लिहून ठेवीलच असे नाही. 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना मलमावर असेल तरी सावध व्हावे, कारण पारा या धातूंना धरतो.

दुसरा धोका स्टेरॉइडच्या मलमांचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्यांची नावे. ही औषधे वाईट नाहीत, डॉक्टर ती ठरावीक दिवसांसाठी देतात. आपल्याकडे मात्र ती पावडर-स्नोसारखी रोज लावली जातात. दोन-तीन महिन्यांत कातडी पातळ होते, उन्हात आग होते, मुरूम येतात, बायकांच्या गालावर लव वाढते. नायट्यावर अशी मिश्र मलमे चोळणारे तर गावोगाव आहेत. दोन दिवस खाज थांबते आणि नायटा मात्र आतून पसरतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ही मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत असा नियम केला, तरी दुकानात ती सहज मिळतात. जे कित्येक महिने लावत आहेत त्यांनी एकाएकी बंद करू नये, त्याने चेहरा भडकतो. डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडावे. येथील सर्वोपचार रुग्णालयात त्वचेचे डॉक्टर आहेत. त्यासाठी खासगी दवाखान्याचाच खर्च केला पाहिजे असे नाही.

शेतकऱ्याच्या चेहऱ्याबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पापण्या, मान, कोपराची लवण येथे खाज सुटून कातडी जाड व काळी पडत असेल, तर तो उन्हाचा रंग नसून गाजर गवताचा त्रास असू शकतो. पुण्याकडे १९५५ च्या सुमारास नजरेस आलेले हे गवत आता आपल्या प्रत्येक धुऱ्यावर आहे. अशा काळेपणावर गोरे करणारे मलम लावणे म्हणजे मूळ तसेच ठेवून पाने खुडणे होय. गवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटावे, वावरातून आल्याबरोबर तोंड-हात धुवावेत आणि ते कपडे घरात घालून बसू नये.

आता करायचे काय, ते सांगते. त्याला पैसा थोडा लागतो.

पहिले काम सावलीचे. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि ऑक्टोबरचे ऊनही काही कमी नसते. गालावरचा वांग उन्हानेच गडद होतो. बाळंतपणाच्या काळात किंवा पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांनीही तो येतो, पण त्याला वाढवते ते ऊन. सनस्क्रीन परवडत असेल तर जरूर लावावे, एसपीएफ ३० पुरेसे आहे. पण वावरात घामाने ते दोन तासांत निघून जाते. त्यापेक्षा सुती दुपट्टा डोक्यावरून गालापर्यंत ओढून घ्यावा. आपल्याकडे वेचणीला जाणाऱ्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. कुणी हसतात, पण मला विचाराल तर वऱ्हाडातला सर्वांत शहाणा पोशाख तोच आहे. हाताला पऱ्हाटीचे ओरखडे येत नाहीत आणि ऊनही लागत नाही. कापड दाट विणीचे असावे. विरलेल्या पांढऱ्या कापडातून ऊन आत येते, आणि कापड ओले झाले की आणखीच येते.

साबण घेताना वेष्टनावर टीएफएम म्हणून आकडा असतो, तो पाहावा. ७६ टक्के किंवा अधिक असेल तर तो पहिल्या प्रतीचा साबण. भाव थोडा जास्त वाटला तरी वडी जास्त दिवस टिकते. कपड्याच्या साबणाने किंवा सोड्याने तोंड धुऊ नये. आंघोळ झाल्यावर अंग किंचित ओलसर असतानाच खोबरेल तेलाचे दोन थेंब हातापायांना चोळावेत, म्हणजे थंडीत कातडी तडकत नाही. बेसन व दही आठवड्यातून एकदा लावण्यास हरकत नाही. लिंबू मात्र चेहऱ्यावर चोळून उन्हात जाऊ नये. लिंबाच्या रसावर ऊन पडले की कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग राहतात. उपाय घरचा आहे म्हणून तो निर्धोक असतो, असे मानू नये.

पायाच्या भेगांकडे आपण लक्षच देत नाही. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन अनवाणी येणाऱ्या कावडधाऱ्यांना भेग म्हणजे काय ते विचारा. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवून वजरीने हलके घासावे, पुसून व्हॅसलीनसारखे मलम लावावे आणि जुने सुती मोजे घालून झोपावे. मधमाशीचे मेण मिळत असेल तर एक भाग मेण व चार भाग खोबरेल तेल मंद आचेवर विरघळवून घरीच मलम करता येते. ते हातांनाही चालते. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी भेगा स्वतः घासू वा कापू नयेत.

केसांसाठी शिकेकाई-रिठा आहेच. शाम्पूची पुडी वापरली तरी बिघडत नाही. मेहंदीबद्दल एवढे लक्षात ठेवा, की खऱ्या मेहंदीचा रंग तांबूस असतो. 'काळी मेहंदी' म्हणून जी मिळते तिच्यात सहसा पीपीडी हे रसायन असते आणि ते काहींना अजिबात सोसत नाही. डोळे सुजतात, टाळूला पाणी सुटते. लग्नघाईत आदल्या दिवशी केस रंगवू नयेत. आधी कानामागे थोडा रंग लावून दोन दिवस वाट पाहावी. टिकलीचेही तसेच आहे. काही टिकल्यांच्या गोंदातील रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो. टिकली रात्री काढून ठेवावी आणि डाग दिसू लागताच ती बंद करावी.

पोशाखाचे म्हणाल, तर आपण कापूस पिकवतो आणि अंगावर टेरिकॉट घालतो. टेरिकॉट टिकते, लवकर वाळते, इस्त्री लागत नाही, हे मान्य. पण घामाच्या दिवसांत काखेत, मांडीत नायटा होतो तो अशाच कपड्यांमुळे वाढतो. निदान आतले कपडे व ब्लाउज सुती असावेत आणि ते उन्हात खडखडीत वाळवावेत. ब्लाउजपीस शिवायला देण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, म्हणजे नंतर आटून तंग होत नाही. गडद कापड घेताना ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा घासून पाहावा, रंग जातो की नाही ते दुकानातच कळते. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत. भाताच्या पेजेची खळ दिली की जुने सुती पातळही नव्यासारखे उभे राहते. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत कधीही धुऊ नयेत. त्यांची बादली वेगळी, दोरी वेगळी.

सावळ्या मुलीला अमुक रंग शोभत नाही, असे दुकानदार सांगतो आणि आईही मान डोलावते. मला हे पटत नाही. डाळिंबी, मोरपंखी, हळदीचा पिवळा हे रंग सावळ्या अंगावर जितके खुलतात तितके गोऱ्या अंगावर खुलत नाहीत. तीन चांगले ब्लाउज घ्यावेत, एक गडद, एक सोनेरी झाकेचा, एक पांढरा. घरातील बहुतेक पातळे त्यांवर जातात. मापात बसणारा, धुऊन इस्त्री केलेला कपडा आणि नीट विंचरलेले केस, एवढ्याने पाहुण्यांपुढे जाता येते. मुलांनीही नखे कापावीत, दाढी नीट करावी, चपला पुसाव्यात.

भाषणापूर्वी एका ताईंनी विचारले, की घरात असले मलम पडले आहे, त्याचे काय करू? चुलीत टाकू नका. पारा तापला की त्याची वाफ होते आणि ती श्वासात जाते. उकिरड्यावरही टाकू नका, ते शेणखतातून वावरात जाईल. डबी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. डॉक्टरांकडे जाताना ती सोबत न्या, म्हणजे काय लावले ते त्यांना कळेल. विकणाऱ्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय अकोल्यात आहे. तेथे डबी, खोके आणि असल्यास बिल घेऊन जावे. अर्ज साध्या कागदावर लिहिला तरी चालतो.