वैद्यकीय पदवीनंतर पुढे काय?

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



आज मंडळाने ज्यांचा सत्कार केला, त्यांत वैद्यकीय पदवी घेतलेली काही मुलेमुली आहेत. त्यांचे अभिनंदन करताना मनात एक शल्य आहे, ते आधी बोलून दाखवतो.

माझ्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी मध्यंतरी भेटावयास आला. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची आंतरवासिता पुरी करून तो डॉक्टर झाला होता. पुढे दोन वर्षे शहरात खोली घेऊन त्याने पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा अभ्यास केला. हवी ती शाखा मिळाली नाही. त्यापायी वडिलांनी शेत गहाण टाकले होते. अशात सोयरिकीसाठी आलेल्या आपल्याच एका गृहस्थांनी विचारले, "म्हणजे नुसता एम.बी.बी.एस.च का?" हे सांगताना त्या मुलाची मान खाली गेली. बंधूंनो, ती मान खाली घालावयास लावणारे आपणच आहोत.

मी शाळामास्तर; वैद्यकशास्त्रात माझी गती नाही. परंतु त्यानंतर जाणत्यांकडे चौकशी करून जे समजले, ते आपणांपुढे ठेवतो.

नीट-पीजी ही परीक्षा एक, पण तिच्यातून फुटणाऱ्या वाटा अनेक. एम.डी. व एम.एस. हे तीन वर्षांचे अभ्यासक्रम सर्वांस ठाऊक आहेत. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी. हीही तीन वर्षांचीच, रुग्णालयात काम करीत मिळवावयाची. कुटुंबवैद्यक हा विषयही तीत घेता येतो. त्याच मंडळाच्या भूलशास्त्र, बालरोग, स्त्रीरोग आदी विषयांतील पदविका दोन वर्षांच्या आहेत. तालुक्याच्या गावी अशा डॉक्टरांची केवढी निकड असते, हे आपण जाणताच. एम्स, चंदिगडची संस्था, जिपमेर व निम्हान्स यांसाठी वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते. ज्यास अध्यापनाची आवड आहे, त्याने शरीररचना वा शरीरक्रिया या विषयांकडे पाठ फिरवू नये. जनआरोग्याचे शिक्षण मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत मिळते.

सेवेची दारेही उघडी आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोग संयुक्त वैद्यकीय सेवा परीक्षा घेतो. सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत मर्यादित मुदतीचा हुद्दा मिळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रे तर आपल्या दारातच आहेत. परदेशी जावयाचे तर तेथील परीक्षांसाठी पैसा व वर्षे दोन्ही खर्ची पडतात. तो निर्णय वेळीच घ्यावा.

यांतले काय निवडावे, हे पुष्कळदा कामच शिकवते. डॉ. रवींद्र कोल्हे मेळघाटातील बैरागडच्या आदिवासींत गेले. तेथील गरज ओळखून त्यांनी सामाजिक वैद्यकात एम.डी. केले व पुन्हा तेथेच परतले. 2019 मध्ये त्यांना व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांना पद्मश्री मिळाली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे दांपत्य एम.डी. असूनही जनआरोग्य शिकण्यासाठी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि परतून त्यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. खेड्यातील स्त्रियांस शिकवून त्यांनी नवजात अर्भकांची शुश्रूषा घरोघरी पोचवली. त्या गावांतील अर्भकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. या मंडळींनी आधी रुग्ण पाहिला, मग पुढचे शिक्षण ठरवले.

म्हणून पालकांस माझी विनंती आहे. शाखेचे नाव मोठे म्हणून कर्ज काढू नका. मुलाचा कल विचारा. डॉक्टर सून घरी आणली, तर 'आता शिक्षण पुरे' असे म्हणू नका. आणि मंडळास सूचना अशी, की ज्ञातीतील डॉक्टरांची एक यादी करून नव्या पदवीधरांस त्यांच्याशी जोडून द्यावे. यास द्रव्य लागत नाही, आस्था लागते.

तो माझा विद्यार्थी सध्या एका आरोग्य केंद्रात काम करतो. तेथे लहान मुलांवर उपचार करता करता बालरोगाची पदविका घ्यावयाची, असे त्याने स्वतःच ठरवले आहे. या खेपेस हे सांगताना त्याची मान ताठ होती. 'नुसता' हा शब्द आपण आजपासून टाकून देऊ या, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.