‘ग्रीड’ची चित्तरकथा

इ. स. १९२४ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियामधील गोल्डविन कंपनीच्या चित्रनिर्मितिगृहांत दहाबारा निवडक मंडळी एक मूक चित्रपट पाहण्यासाठीं सकाळीं बसली ती रात्रीं उठली. चित्रपटाचीं रिळें होतीं ४२, आणि तो संपावयास सुमारें नऊ तास लागले. पाहणारे थकले खरे, परंतु असें कांहीं आपण पूर्वीं पाहिलें नव्हतें, ही त्यांतील कित्येकांची भावना पुढें जन्मभर टिकली. त्या दिवसानंतर तो चित्रपट संपूर्ण स्वरूपांत पाहण्याचें भाग्य फारसें कोणाच्या वांट्यास आलें नाहीं.

चित्रपटाचें नांव ‘ग्रीड’, म्हणजे लोभ. दिग्दर्शक एरिक फॉन स्ट्रोहाइम. हा गृहस्थ व्हिएन्नामधील एका टोप्या करणाऱ्या यहुदी व्यापाऱ्याचा मुलगा. १९०९ च्या सुमारास अमेरिकेंत उतरतांना त्यानें आपल्या नांवामागें सरदारघराण्याचें ‘फॉन’ लावून घेतलें, आणि तें जन्मभर डौलानें मिरविलें. दिग्दर्शक म्हणून त्याचा हात उदार; अर्थात् पैसा दुसऱ्याचा. युनिव्हर्सल कंपनीच्या ‘फूलिश वाइव्हज’साठीं त्यानें मॉन्टे कार्लो शहराचा भाग कॅलिफोर्नियांत उभा केला होता. तेथेंच त्याच्या पुढच्या चित्राचें काम चालू असतांना, १९२२ सालीं, आयर्व्हिंग थॅलबर्ग या अवघ्या तेवीस वर्षांच्या व्यवस्थापकानें त्याला बडतर्फ केलें. हें नांव लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

गोल्डविन कंपनीकडे आल्यावर स्ट्रोहाइमनें फ्रँक नॉरिस याची १८९९ मध्यें प्रसिद्ध झालेली ‘मॅकटीग’ ही कादंबरी निवडली. कथा साधी पण भयंकर आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधील मॅकटीग हा परवाना नसलेला, मंद बुद्धीचा, अंगानें धिप्पाड दांतांचा वैद्य. त्याचा मित्र मार्कस हा ट्रिना नांवाच्या मुलीवरील आपला हक्क मित्रासाठीं सोडतो. लग्न व्हावयाच्या आधीं तिला पांच हजार डॉलरची सोडत लागते, आणि तेथून तिघांचीही माणुसकी झिजूं लागते. मार्कस मत्सरानें मित्राची चुगली करतो व मॅकटीगचा धंदा बुडतो. ट्रिना चमडी गेली तरी दमडी सोडीत नाहीं. रात्रीं सोन्याचीं नाणीं अंथरुणावर पसरून त्यांवर निजते. अखेर नवऱ्याच्या हातून तिचा खून होतो, आणि सोनें घेऊन पळालेला मॅकटीग व त्याच्या मागावर आलेला मार्कस मृत्यूच्या दरींत, डेथ व्हॅलींत, समोरासमोर येतात. तेथें पाणी नाहीं. मार्कस मरतो, पण त्याच्या मनगटाशीं मॅकटीगचा हात बेडीनें जखडलेला असतो.

स्ट्रोहाइमनें ठरविलें कीं, यांतील एकही ओळ सोडावयाची नाहीं व एकही भिंत खोटी उभी करावयाची नाहीं. १९०६ च्या भूकंपांत व आगींत जुन्या सॅन फ्रान्सिस्कोचा बराच भाग नष्ट झाला होता. तरी त्यानें शहरांत खरें घर शोधून तेथेंच चित्रण केलें. कृत्रिम देखाव्यांवर पोसलेल्या त्या काळच्या धंद्याला हा हट्ट अनाकलनीय होता. शेवटच्या प्रवेशासाठीं समुद्रकांठच्या वाळूच्या टेकड्या चालतील, असें कंपनीनें सुचविलें. स्ट्रोहाइमनें नकार दिला आणि १९२३ च्या भर उन्हाळ्यांत सारा काफिला खऱ्या डेथ व्हॅलींत नेला. तेथें उष्णता १२० अंश फॅरनहाइटच्या वर जात होती. कित्येक माणसें आजारी पडलीं. मार्कसचें काम करणारा जीन हरशॉल्ट याला पुढें रुग्णालयांत ठेवावें लागलें. तो आणि मॅकटीगचें काम करणारा गिब्सन गोलंड झुंजत असतां, मला जितकें द्वेषितां तितकेंच एकमेकांना द्वेषा, असें दिग्दर्शक ओरडत होता म्हणतात. पडद्यावर त्या दोघांच्या चेहऱ्यांवर जें दिसतें, तें नुसत्या अभिनयाचें नव्हे, हें कोणासही पटेल.

मग कात्रीचा प्रश्न आला. स्ट्रोहाइमनें स्वतःच ४२ रिळांचीं सुमारें २४ केलीं, आणि आपल्याच्यानें आतां अधिक कापवत नाहीं असें पाहून तीं आपला मित्र, दिग्दर्शक रेक्स इन्ग्रॅम, याच्याकडे पाठविलीं. तेथें १८ झालीं. एवढें चित्र दोन रात्रींत दाखवितां आलें असतें. पण १९२४ च्या एप्रिलमध्यें गोल्डविन कंपनी दुसऱ्या दोन कंपन्यांत मिसळून मेट्रो-गोल्डविन-मेयर ही नवी संस्था झाली होती, आणि तिच्या निर्मितीवर देखरेख करावयास जो मनुष्य बसला तो आयर्व्हिंग थॅलबर्गच. चित्राचीं १० रिळें करण्यांत आलीं. ज्यानें ना कादंबरी वाचली ना पटकथा, अशा मनुष्याच्या हातीं आपलें चित्र गेलें, ही स्ट्रोहाइमची अखेरपर्यंत तक्रार होती.

थॅलबर्गला सरसकट खलपुरुष ठरविणें न्यायाचें होणार नाहीं. नऊ तासांचें चित्र कोणत्याही चित्रगृहाला परवडणारें नव्हतें, आणि तें स्ट्रोहाइमलाही ठाऊक असलें पाहिजे. परंतु काटणें निराळें आणि काटलेलें नष्ट करणें निराळें. उरलेली फीत त्यांतील चांदीसाठीं वितळविली गेली, असें सांगितलें जातें. सोन्याच्या लोभावरील चित्राची ही गत व्हावी, यापरतें विचित्र काय असणार! याच चित्रांत नाण्यांसारख्या सोन्याच्या वस्तूंना फितीवर पिवळा रंग मुद्दाम देवविलेला होता.

४ डिसेंबर १९२४ रोजीं न्यूयॉर्कच्या कॉस्मोपॉलिटन चित्रगृहांत तें प्रथम लागलें. कांहीं थोड्या टीकाकारांनीं त्याचें मोल ओळखलें. बहुतेकांनीं उदास, ओंगळ म्हणून नाक मुरडलें. खर्च साडेपांच लाख डॉलरांच्या घरांत झाला होता, उत्पन्न त्याच्या निम्म्याच्या आसपास राहिलें. स्ट्रोहाइमला पुढें कांहीं वर्षें चित्रें मिळालीं, मग तींही बंद झालीं. नट म्हणूनच तो जगला. १९५० च्या ‘सनसेट बुलेव्हार्ड’मध्यें, एके काळीं दिग्दर्शक असलेल्या नोकराची भूमिका त्यानेंच केली. त्याच सुमारास पॅरिसमध्यें त्यानें दहा रिळांचें ‘ग्रीड’ पाहिलें, आणि पुरलेलें प्रेत उकरून पाहिल्यासारखें वाटलें असें सांगितलें. १९५७ मध्यें तो वारला. पुढच्याच वर्षीं ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें निवडलेल्या बारा सर्वश्रेष्ठ चित्रपटांत ‘ग्रीड’चें नांव आलें.

हरवलेलीं रिळें सांपडलीं नाहींत. १९९९ मध्यें रिक श्मिडलिन यानें मूळ पटकथा आणि चित्रणाच्या वेळीं काढलेलीं सुमारें साडेसहाशें स्थिर छायाचित्रें यांच्या आधारें चार तासांची प्रत तयार केली. कापल्या गेलेल्या भागांत मॅकटीगच्याच घरांत राहणाऱ्या एका वृद्ध जोडप्याची कथा होती: ग्रॅनिस नांवाचा म्हातारा आणि मिस बेकर. दोघांच्या खोल्यांमध्यें एक पातळ भिंत, आणि बोलण्याचें धैर्य कोणासच नसल्यामुळें दोघेंही संध्याकाळीं आपापल्या बाजूला बसून पलीकडची चाहूल ऐकत. पैशाच्या या चित्रांत पैशाच्या लोभाविना सुखी झालेलीं माणसें तेवढींच. नव्या प्रतींत तीं दोघें पुन्हां दिसतात. फक्त हलत नाहींत.