पुलाचीं दोन टोकें

खडकवासल्याचें धरण मागें टाकून मुठा नदी पुणें शहराकडे निघाली म्हणजे तिच्या डाव्या तीरावर वारजें लागतें. एके काळीं हें शेताभातांचें गांव होतें. १९९७ सालीं तें पुणें महानगरपालिकेंत आलें, आणि आज तेथें उंच इमारतींची दाटी झाली आहे. २६ नोव्हेंबर २०२५ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें पुणें मेट्रोच्या ज्या दोन नव्या मार्गांस मंजुरी दिली, त्यांतील एक नळ स्टॉपपासून वारज्यावरून माणिकबागेस जाणारा आहे. त्याची लांबी ६.११८ किलोमीटर व स्थानकें सहा. दोन्ही मार्ग मिळून ३१.६३६ किलोमीटर लांबी, २८ स्थानकें आणि ९,८५७.८५ कोटी रुपयांचा अंदाजी खर्च आहे. माणिकबाग पलीकडच्या तीरावर असल्यामुळें या मार्गास मुठा ओलांडावी लागणार हें उघड आहे. आणि पूल म्हटला कीं दोन टोकें आलीं. दोन टोकें आलीं कीं निरनिराळ्या कचेऱ्या आल्या, आणि त्यांच्यामधील माहितीची देवघेव आली. या देवघेवीचा विचार आज करावयाचा आहे.

पूर्वीं स्थापत्याचें सारें ज्ञान कागदावर उतरत असे. निळ्या कागदावरील पांढऱ्या रेषांचा नकाशा हीच शिल्पकाराची व गवंड्याची सामाईक भाषा होती. नकाशा अपुरा पडे तेथें दगड, वाळू व सिमेंट यांची लहान प्रतिकृति करून तींत पाणी सोडून पाहात. अशा प्रतिकृतींचें माहेरघर वारज्यापासून दूर नाहीं. १९१६ सालीं मुंबई सरकारनें सुरू केलेली आणि आज खडकवासल्यास असलेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळा तें हेंच. अलीकडे या दोन साधनांच्या जोडीस तिसरें आलें आहे. संगणकांत जमीन, खांब, तुळया, रूळ, गटारें व जलवाहिन्या यांचें हुबेहूब त्रिमितीय प्रतिमान उभें करतात. कचेऱ्यांतून त्यास मॉडेल म्हणतात. त्यांतील प्रत्येक खांबास स्वत:चें स्थान, माप, द्रव्य आणि किंमत चिकटलेली असते. नागपूर व पुणें येथील मेट्रोच्या कामांत महामेट्रोनें पांच मितींचें प्रतिमान वापरलें. त्यांतील तीन मिति आकाराच्या, चौथी काळाची आणि पांचवी खर्चाची.

परंतु असें प्रतिमान एका हातानें घडत नाहीं. जमीन मोजणारा एक, रस्त्याची वा रुळांची वळणें आंखणारा दुसरा, खांबांचें बळ काढणारा तिसरा आणि जमिनीखालील नळांची नोंद ठेवणारा चौथा. प्रत्येकाच्या संगणकावरील आज्ञावली निराळी, म्हणजे प्रत्येकाची बोली निराळी. एकाचें काम दुसऱ्याच्या हातीं जातांना भाषांतर होतें. आणि भाषांतरांत काय हरवतें हें ऱ्हाईन नदीवरील एका पुलानें जगास दाखविलें आहे.

या नदीच्या कांठीं लाउफेनबुर्ग याच नांवाचीं दोन गांवें समोरासमोर आहेत. एक जर्मनींत, दुसरें स्वित्झर्लंडमध्यें. त्यांना जोडणारा नवा पूल बांधला जात असतां २००३ सालीं असें आढळून आलें कीं, दोन बाजूंच्या कामांच्या उंचींत ५४ सेंटीमीटरचें अंतर पडत आहे. जर्मनीची उंची उत्तर समुद्राच्या पातळीवरून मोजलेली, तर स्वित्झर्लंडची भूमध्य समुद्राच्या पातळीवरून. या दोन शून्यांत २७ सेंटीमीटरचा फरक आहे, हें दोन्ही बाजूंना ठाऊक होतें आणि तो हिशेबांत धरलाहि होता. मात्र जेथें वजा करावयाचे तेथें मिळविले गेले. म्हणून २७ नाहींसे न होतां ५४ झाले. गणित अवघड नव्हतें, यंत्रेंहि सदोष नव्हतीं. एक चिन्ह उलटें पडलें, आणि जर्मन बाजूचें काम खालीं घेऊन तें निस्तरावें लागलें.

हा अर्धा मीटर मुठेच्या कांठीं आणून ठेवला म्हणजे त्याचें गांभीर्य ध्यानांत येतें. महाराष्ट्रांत नदीकांठीं दोन पूररेषा आंखतात. सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती तांबडी. रेषा ठरवावयाची जलसंपदा विभागानें आणि शहराच्या विकास आराखड्यावर ती उतरवून घ्यावयाची महानगरपालिकेनें. म्हणजे येथेंहि देवघेव आलीच. आतां कांठची जमीन शंभर मीटरांत एक मीटर चढत असेल, तर उंचींतील अर्ध्या मीटरची चूक पूररेषेस पन्नास मीटर बाजूस सरकवील. पन्नास मीटरांत एक आख्खी इमारत अंगणासह मावते. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यावर जो प्रलय ओढवला, त्याची आठवण जुन्या घराण्यांतून अद्याप आहे. २५ जुलै २०२४ रोजीं खडकवासल्यांतून सोडलेलें पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींतील घरांत शिरलें, ही तर अगदीं अलीकडची गोष्ट. ज्या कुटुंबाचें जोतें रेषेच्या आंत कीं बाहेर हें एका आंकड्यावर ठरतें, त्यास तो आंकडा कोणत्या शून्यापासून मोजला हा प्रश्न परका राहात नाहीं.

हें शून्यहि एक नाहीं. भारतीय सर्वेक्षण विभागानें उंचीचें शून्य १९०९ सालीं नऊ बंदरांतील भरतीओहोटीच्या नोंदींवरून बसविलें. उपग्रहाच्या साहाय्यानें मिळणारी उंची मात्र समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते. ती पृथ्वीच्या एका गणिती पृष्ठापासून मोजलेली असते, आणि पुण्याच्या परिसरांत या दोहोंत पन्नास मीटरांहून अधिक अंतर आहे. अक्षांश-रेखांशांचेंहि तसेंच. जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या आकारावर रचलेले, तर आजचे उपग्रह १९८४ चा जागतिक आकार मानतात. तेच अक्षांश व तेच रेखांश दोन्ही पद्धतींनीं जमिनीवर ठेवले, तर पुण्यांत दोन ठिकाणें शंभर मीटरांच्या घरांत दूर पडतात. इतकी मोठी चूक डोळ्यांस चटकन दिसते, म्हणून ती फारशी घातक नाहीं. घातक असते ती हातभर चूक. कारण तिच्याकडे पाहून कोणासहि संशय येत नाहीं.

मापांची गोष्टहि घरगुती उदाहरणानें कळेल. वारज्याच्या शेतजमिनी एकर-गुंठ्यांत मोजल्या जात. तेहतीस फुटांची सांखळी, तिचे सोळा आणे, आणि सांखळीचा वर्ग म्हणजे गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. मीटरपद्धति आल्यावर गुंठा म्हणजे एक आर, अर्थात शंभर चौरस मीटर, असें तोंडी समीकरण रूढ झालें. वास्तविक गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा आहे. एकरामागें ही तूट सुमारें ४७ चौरस मीटरांची होते. शेतांत ती बांधाखालीं झांकून जाई. आज तितक्या जागेंत एका कुटुंबाचा संसार उभा राहतो.

आंकडे बरोबर पोंचले तरी आकार बदलूं शकतो. रस्त्याचें अगर रुळांचें वळण ही अखंड वक्ररेषा असते. पाठविणाऱ्याच्या आज्ञावलीनें ती जशीच्या तशी न देतां तिचे सरळ तुकडे करून दिले, तर घेणाऱ्याच्या हातीं वळणाऐवजीं बहुभुज आकृति पडते. त्रिज्या २०० मीटर आणि प्रत्येक तुकडा २० मीटरांचा धरला, तर तुकड्याच्या मधोमध रेषा खऱ्या वळणापासून २५ सेंटीमीटर आंत येते. शेजारीं जलवाहिनी असेल, तर एवढें अंतर खांबाच्या पायास नडूं शकतें.

जमिनीच्या आकाराची गोष्ट तर याहून मौजेची आहे. मोजणीदार जमिनीवरील बिंदूंची उंची घेतो, आणि संगणक ते बिंदु जोडून त्रिकोणांची जाळी विणतो. एक चौकोन घ्या. त्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांची उंची दहा मीटर आणि उरलेल्या दोघांची बारा मीटर. या चौकोनाचे दोन त्रिकोण करण्यास एक कर्ण ओढावा लागेल. कर्ण खालच्या दोन कोपऱ्यांतून ओढला तर मध्यभागीं दहा मीटरांची घळ तयार होते; वरच्या दोहोंतून ओढला तर तेथेंच बारा मीटरांचा वरंबा उठतो. बिंदु तेच, उंची तीच. पण एका प्रतिमानांत ओढ्याचें पाणी वाहून जातें आणि दुसऱ्यांत तुंबतें. म्हणून नुसते बिंदु पाठवून भागत नाहीं. कोणता बिंदु कोणास जोडला हेंहि सांगावें लागतें.

आणखी एक पायरी अर्थाची आहे. नकाशावर दोन समांतर रेषा आहेत. त्या रस्त्याच्या, कालव्याच्या कीं जलवाहिनीच्या, हें माणूस आजूबाजूस पाहून ओळखतो. यंत्रास तें सांगितल्यावांचून कळत नाहीं. १९८२ सालीं निघालेल्या आणि पुढें सर्वत्र पसरलेल्या डीएक्सएफ या पद्धतींत प्रामुख्यानें रेषाच पाठवितां येत. पुढें अनेक देशांतील तज्ज्ञांनीं मिळून आयएफसी नांवाची सामाईक परिभाषा रचली. तींत भिंत ही भिंत म्हणून आणि खांब हा खांब म्हणून जातो, आणि ती कोणा एका व्यापारी पेढीच्या मालकीची नाहीं. २०१३ सालीं तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. आरंभीं तिचा भर इमारतींवर होता. २०२४ च्या आवृत्तींत रस्ते, पूल, लोहमार्ग व बंदरें यांसहि तींत जागा मिळाली.

हा खटाटोप कोणाच्या पैशानें, असा प्रश्न येईल. न केल्यास कोणाच्या पैशानें, याचें उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनें २००४ सालीं दिलें. आज्ञावल्या एकमेकींशीं न बोलल्यामुळें त्या देशाच्या मोठ्या इमारती व कारखाने यांच्या उद्योगाचें एका वर्षांत १५.८ अब्ज डॉलरांचें नुकसान होतें, असा तिचा अंदाज होता. आणि त्याचा सुमारें दोन तृतीयांश भार वास्तूचे मालक व चालक यांवर पडत होता. मेट्रो, पूल, पाणीपुरवठा यांचा मालक म्हणजे अखेर नागरिकच.

या संबंधांत पुणेंकरांस दूरचा दाखला नको. पेशवाई १८१८ सालीं संपली, पण तिचे कागद पेशवे दफ्तरांत राहिले. कागद टिकाऊ, शाई पक्की, अडचण लिपीची. मोडी ही झरझर लिहिण्यास सोयीची, जिच्या त्याच्या हाताचें वळण निराळें. बाळबोध सावकाश चालणारी, पण कोणासहि वाचतां येणारी. दफ्तरांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत छापले गेले, तेव्हां कोठें तेवढे सामान्य अभ्यासकास खुले झाले. उरलेला प्रचंड सांठा आजहि मोडी जाणणाऱ्या मोजक्या माणसांची वाट पाहात आहे. एका पेढीच्या आज्ञावलींतच उघडणारी संगणकीय फाईल ही आजची मोडी होय. पुलाचें आयुष्य शंभर वर्षांचें आणि आज्ञावलीच्या आवृत्तीचें दोन-चार वर्षांचें. वारज्याच्या पुलाचा खांब तपासण्याची वेळ येईल, तेव्हां आज आंखणारे हात नसतील. कागद बाळबोधींत असले तरच ते बोलतील.

तेव्हां करावें काय? उपाय साधे आहेत. देणाऱ्यानें प्रत्येक प्रतिमानाबरोबर माप कोणतें, उंचीचें शून्य कोणतें, पृथ्वीचा आकार कोणता, आवृत्ति कितवी व तारीख कोणती, हें स्पष्ट लिहून द्यावें. घेणाऱ्यानें जमिनीवरील तीन-चार पक्क्या खुणा पडताळून पाहिल्यावांचून पोंचपावती देऊं नये. आणि सार्वजनिक पैशानें झालेल्या कामाची एक प्रत खुल्या परिभाषेंत शासनदरबारीं असावी, अशी अट करारांतच घालावी.

यांत नवें कांहींच नाहीं. जुने सावकार हुंडी लिहीत, तेव्हां नुसता शंभर रुपयांचा आंकडा लिहून थांबत नसत. निमे पन्नास, त्यांचे दुप्पट पुरे शंभर, असें लिहीत. मजकूर दूरच्या गांवीं, अनोळखी हातीं जाणार, तेथें संशयास जागा राहूं नये एवढाच त्यांचा हेतु. मुठेच्या दोन तीरांवरून निघालेलें काम मध्यावर बरोबर जुळावें, यासाठीं याच सावधपणाची गरज आहे.